हलकं काम

मूर्तिजापूरच्या एका लहानशा दवाखान्यात टेबलावर चार ताटल्या मांडल्या आहेत. पहिलीत कापूस, दुसरीत सरकी, तिसरीत तुरीची डाळ, चौथीत ज्वारी. समोर तिशीतला एक माणूस बसला आहे. त्याच्या उजव्या हाताची तर्जनी, मध्यमा आणि अनामिका मुळापासून गेली आहेत. अंगठा आणि करंगळी तेवढी शाबूत. फेब्रुवारीत जिनिंगमध्ये चालू रोलरला अडकलेली रुई काढायला गेला आणि हात आत ओढला गेला. आता दसरा होऊन गेलाय. तो डोळे मिटून हात कापसात घालतो, मिनिटभर फिरवतो, मग सरकीत नेतो. डाळीपर्यंत पोचला की त्याचा खांदा आपोआप वर चढतो आणि दात आवळले जातात. ज्वारी अजून जमत नाही.

कापलेल्या शिरांची टोकं कातडीखाली इतकी हळवी झालेली असतात की सदऱ्याची बाही घासली तरी कळ मस्तकात जाते. थंडीत तर जास्तच, आणि जिनिंगचा सीझन नेमका थंडीतला. म्हणून आधी मऊ, मग खरखरीत, मग टणक अशा वस्तूंची त्या जागेला सवय करायची. त्यासाठी बाहेरून काही आणावं लागत नाही, वऱ्हाडातल्या कोणत्याही घरात या चारही वस्तू असतात. ज्या कापसानं बोटं नेली, त्याच कापसात हात घालून सुरुवात करायची, हे त्या माणसाला पहिल्या दिवशी फार जड गेलं होतं.

त्या दिवशी खोलीत आणखी दोघं होते आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. एक, अमरावतीहून आठवड्यातून एकदा इथं येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट. दुसरे, अकोल्यात तीस वर्षं कामगारांचे दावे लढवणारे वकील. त्यांना नावं नकोत. अशी माणसं वऱ्हाडात कुठंही भेटतात, आणि ताटल्यांसमोर बसलेला माणूस तर प्रत्येक सीझनला भेटतो.

वकील आले होते एका दाखल्यासाठी.

“ताई, एवढंच लिहून द्या. हा माणूस कोणतंही काम करू शकत नाही. बास.”

“पण ते खरं नाही ना, वकीलसाहेब. अंगठा आहे, करंगळी आहे, तळहाताची ताकद आहे. तो पेन धरतो, पिशवी उचलतो, सायकल चालवतो.”

“सायकलचं कोर्टात सांगू नका म्हणजे झालं.”

“मी कोर्टासाठी लिहीत नाही, हातासाठी लिहिते. आधीच पाच महिने वाया गेलेत. फेब्रुवारीत हात गेला आणि माझ्याकडे आला जुलैत. तोवर हात गळ्यात बांधून घरी बसला होता. सांधे आखडले, करंगळी वळत नव्हती. कोणी सांगितलं होतं त्याला हात हलवू नको म्हणून?”

तो माणूस खाली बघत म्हणाला, “सारेच सांगून रायले होते, मॅडम. बायको, भाऊ, मुकादम. आराम कर म्हने.”

वकील काही बोलले नाहीत. आराम कर, दावा पक्का होऊ दे, असं सांगणाऱ्यांत त्यांच्यासारखे वकीलही असतात.

त्यांची बाजू मात्र नीट ऐकायला हवी, कारण ती हवेतून आलेली नाही. अपघातात नुकसान झालेल्या कामगाराला मालकानं भरपाई द्यायची, चूक कुणाची हे न बघता द्यायची, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्यानं आणलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण हिशेबाची पद्धत तीच राहिली. त्यासाठी एक कोष्टक आहे. एका हाताची चार बोटं गेली तर कमावण्याची ताकद ५० टक्के गेली असं धरायचं. अंगठा गेला तर ३०, तीन बोटं गेली तरी ३०, दोन गेली तर २०. संपूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. तिसाव्या वर्षी तो आकडा २०७.९८. महिना १२,००० रुपये मिळवणाऱ्या तिशीच्या कामगाराचे असे १४ लाख ९७ हजार ४५६ रुपये होतात. तीन बोटांचे त्यातले ३० टक्के, म्हणजे साधारण ४ लाख ४९ हजार.

“साडेचार लाख,” वकील म्हणाले. “तीस वर्षांच्या माणसाला उरलेल्या आयुष्याचे साडेचार लाख. पोरगी शिकायची आहे, घरावर टिनं आहेत. म्हणून मी कोष्टकावर थांबत नाही. १९७५ सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, प्रताप नारायण सिंह देव यांचा. ओडिशातल्या जयपूर गावी एका सिनेमागृहात नक्षीकाम करताना सुतार पडला, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालक म्हणाला, कोष्टकाप्रमाणे घ्या. कोर्ट म्हणालं, एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून सुताराचं नुकसान शंभर टक्के. आता सांगा ताई, ज्याचं सारं आयुष्य रोलरसमोर गेलं, त्याचे तीस टक्के गेले की शंभर?”

“रोलरसमोर त्यानं जाऊच नये. पण जिनिंगमध्ये फक्त रोलर असतो का?”

“नसतो. पण तुम्ही लिहाल ‘हलकं काम करू शकतो’, आणि मालकाचा वकील ते वाचून दाखवेल. मी पाहिलंय ते. एका पोऱ्याला दोन महिने हलकं काम दिलं, हजेरीपुस्तकात सही घेतली. कोर्टात ते पुस्तक ठेवलं, पाहा म्हणे, कामावर आहे, पगार तोच आहे, नुकसान कुठं आहे? सीझन संपला, पोऱ्या घरी. पुढच्या सीझनला फाटकावरच सांगितलं, जागा नाही.”

यावर फिजिओथेरपिस्ट बाईंकडे उत्तर नव्हतं. त्या उठल्या आणि खिडकी लावून घेतली. बाहेर कापसाच्या गाड्यांचा आवाज वाढला होता.

वकिलांची भीती खरी आहे, पण तिच्यात एक गोष्ट मिसळली गेलीय आणि ती वेगळी करणं गरजेचं आहे. कोष्टकात नोंदलेल्या दुखापतीचे टक्के कामगार पुन्हा कामावर गेला म्हणून कमी होत नाहीत. तीन बोटं गेली की ३० टक्के कायद्यानंच गेलेले धरले आहेत, मग तो दुसऱ्या दिवशी कामावर जावो की कधीच न जावो. भीती आहे ती कोष्टकाच्या वर मागितलेल्या रकमेची, आणि ज्यांची दुखापत कोष्टकातच नाही त्यांची. पण गावात पोचतं ते अर्धंच, कामावर गेलास तर पैसे जातील. त्या अर्ध्या वाक्यापायी किती हात आखडले असतील.

बाईंनी नेमकं हेच विचारलं. “तीस टक्के तर कुठं जात नाहीत ना? मग त्याला इतके महिने कोंडून ठेवायचं कशाला?”

“तीस जात नाहीत,” वकील म्हणाले. थोडं थांबून, “हे मी याला आधी सांगायला पाहिजे होतं.”

माणसानं लवकर कामावर परतावं हा बाईंचा आग्रह अनुभवातून आलेला आहे, आणि त्याला अभ्यासाचाही आधार आहे. दुखापत किती मोठी यावरच माणूस कामावर परततो की नाही हे ठरत नाही. उपचार किती लवकर सुरू झाले, दुखणं किती आटोक्यात आलं, हात उजवा की डावा, शिक्षण किती, वय किती, घरचे काय बोलतात, मालकानं चौकशीचा फोन केला की नाही, आणि परत आल्यावर त्याला झेपेल असं काम कुणी काढून ठेवलं होतं का, या सगळ्याचा त्यात वाटा असतो. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. ज्यांना बदललेलं, झेपणारं काम देऊ केलं होतं, ते न दिलेल्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट प्रमाणात परतले होते. माणूस जितका जास्त काळ घरी बसतो तितका त्याचा परतीचा रस्ता लांबतो, हे बाईंनी वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघितलंय.

“पहिले काही आठवडे सगळे भेटायला येतात. मग पारावर बसायला लागतो. मग पारावरचे लोक नाव ठेवतात. एकदा ‘थोटा’ म्हणायला लागले ना, वकीलसाहेब, की माझी मेहनत दुप्पट होते. तो स्वतःच हात खिशात लपवतो, आणि न वापरलेला हात मला चालता करता येत नाही.”

तो माणूस पुन्हा सरकीत हात फिरवत होता. दुखऱ्या हातानं नाही, चांगल्या हातानं.

इथं एक जुनी गोष्ट आठवते. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या सगळ्यांना माहीत असतात. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती. काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचं अपंगत्व आलं तर त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी. त्याच १८८४ साली जर्मनीनं कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा केला. तिथं पुढं वहिवाटच पडली, की आधी माणसाला उभं करायचं, पेन्शन नंतर. २००४ पासून तिथल्या मालकावर बंधन आहे, की वर्षात सहा आठवड्यांहून जास्त आजारी राहिलेल्या कामगाराला बोलावून, तो पुन्हा कसा काम करू शकेल हे त्याच्याबरोबर बसून ठरवायचं. आपल्याकडे लोखंड्यांच्या मागणीचा पैशाचा भाग चाळीस वर्षांनी कायद्यात आला. उदरनिर्वाहाचा भाग मात्र कापसाच्या कारखान्यापर्यंत अजून पोचायचा आहे.

हे अतिशयोक्तीनं लिहिलेलं नाही. हीच तीन बोटं ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, नोंदणी असलेल्या सूतगिरणीत किंवा कापड कारखान्यात गेली असती तर काय झालं असतं? बरा होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के रक्कम. त्यानंतर अपंगत्वाच्या टक्क्यांप्रमाणे आयुष्यभर दरमहा पैसे. कृत्रिम अवयव लागला तर त्याचा खर्च, नवं काम शिकायचं तर प्रशिक्षणाची सोय, आणि उपचार चालू असताना कामावरून काढायला बंदी. पण ईएसआयच्या कायद्यात हंगामी कारखान्यांना सुरुवातीपासून वगळलं आहे, आणि हंगामी कारखाने कोणते याच्या यादीत कापसाचं जिनिंग आणि प्रेसिंग नाव घेऊन लिहिलं आहे. नव्या संहितेतही ती वगळणूक कायम आहे. म्हणजे ज्या धंद्यावर अकोला, अकोट, दर्यापूर, खामगाव ही गावं उभी राहिली, नेमका तोच बाहेर. जिनिंगमधल्या माणसाला बरा होईपर्यंत दर पंधरवड्याला महिन्याच्या वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे अर्धा पगार द्यावा असा नियम आहे. २०१० पासून उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाकडे आहे. त्याला परत कामावर घ्या असं सांगणारं कलम मात्र त्या कायद्यात नाही.

अमरावतीजवळ नांदगाव पेठला नवे कापड कारखाने आले. २० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीच्या पीएम मित्र टेक्स्टाइल पार्कचं भूमिपूजन झालं. शेतातल्या कापसापासून तयार कपड्यापर्यंत सारं एका साखळीत आणायचं, अशी ती योजना आहे. त्या साखळीत जिनिंग अगदी सुरुवातीला येतं. रोलर तिथंच फिरतात, आणि तिथलाच कामगार विम्याबाहेर आहे.

“म्हणूनच म्हणतो ताई,” वकील म्हणाले, “परत कामावर जाणं हे तुमच्या कापड कारखान्यातल्या माणसाला शोभतं. एसटीतल्या ड्रायव्हरला शोभतं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्याला काढता येत नाही, पगार कमी करता येत नाही, दुसरी जागा द्यावी लागते, आणि जागा नसली तर त्याच्यासाठी जादा पद ठेवावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं विसावं कलम. गाडी चालवता येत नाही तर डेपोत बस. पण याच्या मागं कोण आहे? ठेकेदार म्हणतो मालकाकडे जा, मालक म्हणतो ठेकेदाराचा माणूस आहे.”

“आणि कायदा काय म्हणतो?”

“कायदा म्हणतो, ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. चाळीस सुनावण्यांत हेच सांगत आलोय.”

बाईंनी विषय वळवला. अकोल्याच्या दाल मिलमधला एक हमाल त्यांच्याकडे येतो. डाळीचे कट्टे वाहून वाहून कंबर गेली. त्याचं एकही बोट गेलेलं नाही, एकही हाड मोडलेलं नाही.

“त्याच्या कमरेचे किती टक्के, वकीलसाहेब?”

“कोष्टकात कंबर नाही.”

“मग?”

“मग डॉक्टरचा दाखला, समोरच्या डॉक्टरचा उलटा दाखला, आणि सात वर्षं.”

“त्या सात वर्षांत त्यानं काय करायचं? मी सांगते काय करता येतं. कट्टा जमिनीवरून उचलायच्या ऐवजी ओट्यावरून उचलू द्या. पन्नास किलो एकट्याच्या पाठीवर द्यायच्या ऐवजी हातगाडी द्या. पहिले पंधरा दिवस शिवणयंत्रावर कट्टे शिवायला बसवा, मग अर्धा दिवस हमाली, मग पूर्ण. कॅनडातल्या शेरब्रूक शहरात हे करून पाहिलं होतं, पाठदुखीच्या कामगारांवर, १९९७ मध्ये अभ्यास छापून आला. नुसते उपचार घेणाऱ्यांपेक्षा, उपचार आणि कामाच्या जागी बदल असं दोन्ही मिळालेले जवळजवळ अडीचपट वेगानं नेहमीच्या कामावर परतले. कंबर दवाखान्यात निम्मीच बरी होते. उरलेली ओट्यावर बरी होते.”

वकील बराच वेळ ऐकत राहिले. हमालाच्या बाबतीत त्यांच्याकडे बाई म्हणतात त्याहून चांगला रस्ता नव्हता, आणि तसं त्यांनी कबूलही केलं. जे अंग कोष्टकाला दिसत नाही त्याच्यासाठी कामाची जागा बदलणं हीच भरपाई, असं काहीसं ते पुटपुटले.

मग त्यांनी तोच प्रश्न उलटा केला. “हमालाचं पटलं. पण याला जिनिंगच्या मॅनेजरनं काय काम देऊ केलंय, विचारलं का तुम्ही?”

“हलकं काम देतो म्हणाले.”

“हलकं म्हणजे कोणतं, ते विचारा.”

बाईंनी त्या माणसाकडे पाहिलं. तो सहज म्हणाला, “झाडझूड, मॅडम. मशीनखालची रुई ओढायची.”

“मशीन बंद असताना?”

“सीझनले मशीन कुठं बंद रायते?”

खोलीत काही क्षण कुणी बोललं नाही. एका धड हातानं आणि दुसऱ्याच्या अंगठा-करंगळीनं माणूस वाकून चालू पट्ट्याखालची रुई ओढणार. फेब्रुवारीत हात गेला तेव्हा तो हेच करत होता, फरक एवढाच की तेव्हा उभा होता. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाचं एकविसावं कलम सांगत होतं की यंत्राचे फिरणारे धोक्याचे भाग झाकलेले असले पाहिजेत. ते पाळलं असतं तर या खोलीत ताटल्या मांडायची वेळच आली नसती. बाईंच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की ‘हलकं काम करू शकतो’ हे चार शब्द लिहिताना त्यांनी आजवर असा विचार केला नव्हता. त्यांच्या कागदावर ते हाताचं वर्णन होतं. मॅनेजरच्या कानाला ते मजुरीच्या दरासारखं ऐकू येत होतं.

“म्हणजे मी लिहायचंच नाही?”

“लिहा ना. पण काम लिहा. हलकं-जड लिहू नका.”

अमरावतीच्या माणसाला अशा वेळी तपोवन आठवतंच. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये विदर्भ महारोगी सेवा मंडळ काढलं, आणि शहराबाहेर तपोवन उभं केलं. बोटं झडलेल्या, बधिर झालेल्या हातांनी तिथं शेती झाली, माग चालले, सुतारकाम झालं. औषधाइतकंच काम महत्त्वाचं, हे त्यांनी वऱ्हाडाला दाखवून दिलं. बाईंनी ते उदाहरण दिलं तेव्हा वकिलांनी हात जोडले, आणि तरी म्हणाले, “पण ताई, तपोवनात वेगळं जग वसवावं लागलं, कारण गाव घेत नव्हतं. याला तपोवन नको. याला ह्याच जिनिंगचं फाटक पाहिजे, आणि संध्याकाळी घरी पोरगी.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. बाईंचंही चुकलं नव्हतं, कारण हातापुरतं काम शोधण्याऐवजी कामच हाताला जुळवून घ्यायचं, ही रीत तपोवनातच दिसते. माग त्या हाताप्रमाणे बदलता येतो, तसा जिनिंगमधला वजनकाटाही बदलता येतो.

बोलणं जिनिंगपुरतं राहिलं नाही. थ्रेशरवर सोयाबीन, तूर, हरभरा काढताना हात जातात. असे हात गमावणाऱ्या मजुरांना भरपाई मिळावी म्हणून १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा वेगळा केंद्रीय कायदा झाला, तरी गावात त्याचं नाव ऐकलेला माणूस मिळायचा नाही. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक हात किंवा एक पाय गेला तर एक लाख, दोन गेले तर दोन लाख मिळतात, पण त्यासाठी सातबारा लागतो. ज्याच्या नावावर शेत आहे तो आणि त्याच्या घरातला एक जण, एवढेच तिच्यात बसतात. दुसऱ्याच्या थ्रेशरवर पेंढ्या लावणारा भूमिहीन मजूर त्यात नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे चौकशी दिली गेली, तेव्हा मृतांची मोजदाद झाली. डोळ्यांपुढं अंधारी येणारे, हात थरथरणारे जे वाचले, ते पुढच्या हंगामात पंप पाठीवर घेऊन परत गेले की नाही, हे कोणत्याही कोष्टकात नोंदत नाहीत.

आणि बाया. जिनिंगच्या आवारात कपाशीतली खराब कवडी वेचायला, ढीग सारायला बाया असतात. त्यांच्यापैकी कुणाचा हात दुखावला तर घरचे म्हणतात, आता नको जाऊ, घरीच राहा. ऐकायला मायेचं वाटतं. पण घरी राहा म्हणजे दोन वेळचा स्वयंपाक, धुणी, पाणी भरणं. भाकरी थापताना, बादली उचलताना तोच हात वापरला जातो, आराम कधीच मिळत नाही, आणि मजुरी मात्र गेलेली असते. बाईंचं म्हणणं असं, की पुरुषाला हात हलव म्हणून सांगावं लागतं, आणि बाईच्या सासूला सांगावं लागतं की हिला पंधरा दिवस पीठ मळायला लावू नका. दुसरं सांगणं फार अवघड आहे. वकिलांनी यात भर घातली. बाईची मजुरी रोजंदारीची, हजेरी मुकादमाच्या वहीत, वही सीझननंतर सापडत नाही. वेतनाचा पुरावा नसला की भरपाईचा गुणाकारच सुरू होत नाही.

साडेतीन वाजता बाईंनी कोरा कागद घेतला आणि मधून उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं, काय जमतं. काट्यावर गाडीचं वजन घेऊन पावती लिहिणं. गठाणींवर नंबर टाकणं. दहा किलोपर्यंतचं ओझं दोन्ही हातांनी. सलग चार तास, मग अर्धा तास विश्रांती. थंडीत उजव्या हाताला मोजा. उजवीकडे लिहिलं, काय नको. रोलर, पट्टा, प्रेस यांपासून लांब. चालू यंत्राखाली झाडझूड नाही. उंच शिडीवर चढणं नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून कागद बदलायचा.

वकिलांनी कागद ओढून घेतला आणि खाली आपल्या अक्षरात दोन ओळी वाढवल्या. वेतन अपघाताआधी होतं तेवढंच राहील. या कामावर घेतल्यानं कामगाराच्या भरपाईच्या दाव्याला कोणतीही बाधा येणार नाही.

“मॅनेजर सही करेल?” बाईंनी विचारलं.

“पहिल्या दिवशी नाही करणार. पण आतापर्यंत त्याच्यासमोर असा कागद कोणी ठेवलाच नव्हता. मी ठेवत होतो तो नोटीस म्हणून.”

मलेशियात २००७ पासून सरकारी विमा संस्थेनं अशा कामासाठी माणसंच नेमली आहेत. दवाखान्यातून कागद घ्यायचा, कारखान्यात जायचं, यंत्र बघायचं, मालकाशी बोलायचं, कामगाराला सोबत घेऊन पहिल्या दिवशी फाटकातून आत जायचं. आपल्याकडे डॉक्टरचं काम दाखल्यावर संपतं, वकिलाचं निकालावर आणि कारखाना निरीक्षकाचं अहवालावर. मधल्या रस्त्यावर कामगार एकटाच चालतो. हे लिहिणाऱ्याला वाटतं की त्या रस्त्यासाठी अमरावती आणि अकोला, दोन जिल्ह्यांत मिळून दहा माणसं जरी नेमली, आणि जिनिंगला ईएसआयच्या वगळणुकीतून बाहेर काढलं, तरी या खोलीतला अर्धा वाद उरणार नाही. यंत्रं तीच राहोत, सीझन तोच राहो. कापूस विकून मिळालेल्या पैशातून एवढं करायला वऱ्हाड गरीब नाही.

बाईंना अमरावतीची बस होती, वकिलांना अकोल्याची गाडी. तो माणूस उठला. कागदाची घडी त्यानं उजव्या हातानं घातली, अंगठ्याची आणि करंगळीची चिमटी करून, सावकाश, तीनदा. पहिल्यांदा घडी वाकडी झाली म्हणून पुन्हा उलगडून सरळ केली. बाई बघत होत्या आणि मदतीला गेल्या नाहीत.

“कोनाले देऊ हा कागद, साहेब? मालकाले का ठेकेदाराले?”

“दोघांले दे,” वकील म्हणाले. “झेरॉक्स काढ आन् पोच घे.”